शांत बसल्याची नोंद

३ मार्च

प्रिय दादू,

डोकेदुखीच्या गोळ्यांच्या डबीत घडी घालून ठेवलेले पत्रक तू कधी उघडून वाचले आहेस का? वाचले असशील तर एक गंमत तुझ्याही नजरेतून सुटली नसेल. गोळी डोकेदुखीवरची, आणि खाली बारीक टायपात छापलेल्या दुष्परिणामांच्या यादीत पाचव्या-सहाव्या क्रमांकावर चक्क ‘डोकेदुखी’! मग गोळी घ्यायची तरी कशाला?

एकतीस वर्षे औषधशास्त्र शिकवताना मी पहिल्या तासाला हाच प्रश्न विचारत असे. उत्तर मोठे सुरेख आहे. औषध दुकानात येण्यापूर्वी ते शेकडो माणसांना देऊन पाहतात आणि त्या काळात त्यांना जे जे झाले ते सारे लिहून ठेवतात. डोके दुखणाऱ्या माणसांची डोकी दुखणारच. तेही यादीत जाते. म्हणजे ते पत्रक हे आरोपपत्र नव्हे, तो हजेरीपट आहे. कोण हजर होते एवढेच तो सांगतो, गुन्हा कोणी केला हे सांगत नाही.

हे सारे अशासाठी, की ठकूच्या गोळ्यांचे पत्रक वाचून तू घाबरला आहेस. ते आधी फडताळात ठेवून दे. सोळा वर्षांच्या मुलीला स्किझोफ्रेनिया आहे हे ऐकून बापाच्या पायाखालची जमीन सरकते, हे मला कळते. पण तू विचारले आहेस, “ही गोळी नेमकं काय करते? मला समजेल असं सांग.” तेवढे मला करू दे, फोनवर मला ऐकू येत नाही, पण लिहिता अजून येते.

आपल्या मेंदूत डोपामाइन नावाचे एक रसायन आहे. ‘इकडे लक्ष दे, हे महत्त्वाचे आहे’ अशी खूण करणे हे त्याच्या अनेक कामांपैकी एक. ठकूच्या मेंदूत ही खूण नको तिथे उमटू लागली. नळाच्या पाण्याच्या आवाजावर ती उमटली, आणि त्या आवाजात तिला दोन बायका बोलताना ऐकू येऊ लागल्या. गोळी ती खूण अडवते. तू लिफ्ट दुरुस्त करतोस, म्हणून तुझ्या भाषेत सांगते: गोळी हा ब्रेक आहे. लिफ्ट भरकटू लागली तर तू तिला शिव्या देत नाहीस, ब्रेक तपासतोस. तसेच हे.

लक्ष चार गोष्टींवर ठेव: भूक व वजन, झोप, अंगाचा ताठरपणा आणि पाळी. दर आठवड्याला वजन कर. गोळी मनाने बंद करू नकोस. आणि तुझ्या सवयीप्रमाणे नोंदवही घाल. डॉक्टरीणबाईंना ती सोन्यासारखी उपयोगी पडेल.

तुझी,
मावशी


१९ मार्च

प्रिय मावशी,

ब्रेकचं एकदम डोक्यात बसलं. दोन डॉक्टर आणि एक समुपदेशक जे समजावू शकले नाहीत ते तू दोन पानांत समजावलंस. लिफ्टच्या देखभालीसाठी कारखान्याकडून मिळालेली एक कोरी नोंदवही होती, तीच घातली. वेळ, गोळी, वजन, शेरा. बायको म्हणाली, “ठकूच्या पाठीवर शेवटच्या तपासणीची तारीख तेवढी चिकटव.” मी हसलो, ती हसली नाही.

आता प्रगती. नळाचा त्रास कमी आहे. पूर्वी ठकू तासन्‌तास मोरीच्या दारात बसून राहायची, जेवायलासुद्धा उठत नसे. गेले दहा दिवस ती तिथे फिरकलेली नाही. वजन दीड किलो वाढलं. झोप ठीक.

पण एक नवीनच सुरू झालंय. ती घरात येरझाऱ्या घालते. खिडकी ते दार, दार ते खिडकी. जेवताना दोन घास खाते, उठते, फेरी मारते, परत येते. उभी असली तर एका पायावरचा भार दुसऱ्यावर, दुसऱ्यावरचा पहिल्यावर. तिला म्हटलं, “अगं, बस की जरा.” तर म्हणाली, “बसलेच आहे की,” आणि उठून गेली.

मी फडताळातून ते पत्रक काढलं. तू रागावशील, पण काढलं. त्यात ‘बेचैनी’ असा शब्द आहे. मग मला तुझा हजेरीपट आठवला. म्हणजे ही बेचैनी आजाराचीच धरायची ना? बायको म्हणते डॉक्टरीणबाईंना फोन कर. त्यांनी कागदावर लिहून दिलंय, ‘फार अस्वस्थ झाली, आवाज वाढले तर अर्धी गोळी जास्त, दिवसातून एकदा.’ मग फोन कशाला करायचा? पण तू म्हणशील ते.

तुझा,
दादू

ता. क. बायकोचं वाक्य जसंच्या तसं लिहितो, म्हणजे तुला आमच्या घराची हवा कळेल: “तुझ्या मावशीचं पत्र आलं की तू आधी वही काढतोस, मग मुलीकडे बघतोस.”


२३ मार्च

प्रिय दादू,

तुझी बायको भल्या पहाटे बस घेऊन निघते आणि दिवसभर शंभर माणसांना सुखरूप पोहोचवते. असे लोक सावधच असतात, तिच्या बोलण्याचे वाईट वाटून घेऊ नकोस.

तुझा प्रश्न मात्र उत्तम आहे, आणि तू तो अचूक मांडलास याचा मला फार आनंद झाला. होय, हा हजेरीपटच. आवाज ऐकू येणारे, कोणीतरी पाठलाग करते आहे असे वाटणारे रुग्ण बेचैन असतातच. त्यांना औषध दिले. ते बेचैन होते. पत्रकात ‘बेचैनी’ लिहिली गेली. डोकेदुखीचीच गोष्ट, फक्त जागा बदलली.

या औषधाला पुरते काम करायला चार ते सहा आठवडे लागतात. आवाज आधी मागे हटले, आतली खळबळ अजून हटायची आहे, असे मला दिसते. ब्रेक लागला आहे, पण पुरता लागलेला नाही. डॉक्टरीणबाईंनी अर्ध्या गोळीची मुभा दिली आहे ती नेमकी अशा वेळेसाठी. ती वापरताना कचरू नकोस. आणि वहीत एक नवा रकाना घाल: ती सलग किती मिनिटे शांत बसते. मोजता येईल असे काही हाती असले, की घरातली भीती निम्मी होते.

पुढच्या भेटीला ती वही घेऊन जा.

तुझी,
मावशी


९ एप्रिल

प्रिय मावशी,

तुझं तोंड गोड करायला हवं. रकाना घातला त्या दिवशी ठकू सलग तीन मिनिटं बसली होती. अर्धी गोळी सुरू केली. दोन-तीन दिवस येरझाऱ्या उलट वाढल्या. मी म्हटलं, ब्रेक अजून पुरता लागलेला नाही, आणि अर्धी गोळी रोजचीच केली. मग हळूहळू आकडे सुधारले. अकरा. अठरा. पंचवीस. परवा चाळीस मिनिटं! मी समोर वही घेऊन बसलो होतो. दोन्ही हात खुर्चीच्या कडेखाली घालून, पाठ सरळ, अगदी शहाण्यासारखी. एकदाही उठली नाही. फक्त ओठ हलत होते. विचारलं तर म्हणाली, “मोजतेय.” म्हटलं, बापावर गेली.

काल डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. वही बघून त्या खूश झाल्या; म्हणाल्या, “इतकं नीट कुणी लिहीत नाही.” ठकूला विचारलं, “कसं वाटतं?” ती माझ्याकडे बघून म्हणाली, “बरं.” मग बाईंनी अर्धी गोळी नेहमीसाठीच वाढवून दिली. म्हणजे तू म्हणालीस तेच झालं.

बारीकसारीक सांगायचं तर, भूक एकदम कमी झाली आहे. शाळा अजून नाही. सहा आठवड्यांपूर्वी घेतलेल्या चपला टाचेखाली पार झिजल्या. हल्ली माल कसला देतात कोण जाणे. घराबाहेर तर ती फारशी जात नाही. आणि आमच्या इमारतीच्या लिफ्टच्या मशीन रूमची किल्ली, म्हणजे गच्चीच्या दाराचीही, हल्ली दारामागच्या खिळ्यावर उलटी टांगलेली दिसते. बायको कपडे वाळत घालायला नेत असणार. विचारलं तर म्हणते, “मी कपडे गॅलरीत घालते.” आमच्याकडे वस्तू कोण जागेवर ठेवतं हा वादाचा जुनाच विषय आहे.

तुझा,
दादू


११ एप्रिल

मोठी आजी,

मी पहिल्यांदाच तुला पत्र लिहितेय. उभ्यानेच लिहितेय, म्हणून अक्षर असं आहे. फ्रिजवर कागद ठेवलाय.

तुझी बाबांना आलेली पत्रं मी वाचली. चोरून. ब्रेकचं वाचलं. आजी, तू छान समजावतेस. पण ते माझं नाहीये.

आवाज कमी झालेत. खरंच झालेत. नळातल्या बायका आता शेजारच्या घरात राहायला गेल्यासारख्या वाटतात, बोलतात पण शब्द कळत नाहीत. त्याबद्दल मी खूश आहे, हे बाबांना सांगायचं राहिलं, कारण ते ‘किती मिनिटं’ एवढंच विचारतात.

पण पाय. गोळ्या सुरू झाल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी सुरू झालं. दुखत नाही. खाजत नाही. हाडांच्या आत कुणीतरी सारखं ‘ऊठ, ऊठ, ऊठ’ करतंय असं. हा आवाज नाही, आवाज मला ओळखता येतात. हे अंगातच आहे. उठलं की अर्धं मिनिट बरं वाटतं, मग पुन्हा. मी हे दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा अर्धी गोळी मिळाली, आणि गोळीनंतर ते जास्त झालं. मग मी सांगणं बंद केलं आणि बसायला शिकले. खुर्चीची कड घट्ट धरायची आणि आकडे मोजायचे. चाळीस मिनिटं म्हणजे दोन हजार चारशे. बाबा एवढे खूश झाले, की मला रडू आलं. ते त्यांनी शेऱ्यात लिहिलं, ‘थोडी भावुक.’

बाबा माझ्याकडे लिफ्टकडे बघावं तसं बघतात. लिफ्टला निदान आत किती माणसं चालतील ते लिहिलेलं असतं.

बाबा-आई कामावर गेले की मी गच्चीवर जाते. तिथे सलग चालायला सदतीस पावलं मिळतात, घरात नऊच. मी कठड्याच्या बाजूने चालते. आता खरं सांगते. गेले चार दिवस कठड्याकडे बघितलं, की वाटतं तिथे हे थांबेल. मला मरायचं नाहीये, आजी. मला बसायचंय. पण दोन्ही गोष्टी हल्ली एकसारख्या वाटायला लागल्यात. हे कुणी कानात सांगितलेलं नाही, माझाच विचार आहे, म्हणून जास्त भीती वाटते.

तू लिहिलेलं बाबांना पटतं. मी सांगितलेलं ते नोंदवतात. म्हणून तू लिही.

ठकू


२६ एप्रिल

प्रिय मावशी,

तू इकडे आलीस, पाच दिवस राहिलीस, आणि त्या पाच दिवसांत आपण दोघं या विषयावर धड बोललो नाही. तुझ्या कानाशी ओरडून बोलण्यासारखं ते नव्हतंच. म्हणून लिहितो.

चौदा तारखेला ठकूचं पत्र तुझ्या हाती पडलं. तुझ्या खालच्या मजल्यावरच्या औषधवाल्याने तुझ्या वतीने फोन केला तेव्हा मी बारा मजली इमारतीच्या लिफ्टखालच्या खड्ड्यात होतो, मोबाइल वर पिशवीत. त्याने मग ठकूच्या आईला लावला. ती डेपोत होती. बस तिथेच दुसऱ्याच्या हाती देऊन ती घरी आली, किल्ली खिळ्यावर नाही हे बघितलं आणि जिने चढून गच्चीवर गेली. लिफ्टची वाट बघायला थांबली नाही.

ठकू कठड्याला लागून चालत होती. बायकोने तिला हाक मारली नाही, थांब म्हटलं नाही, बस तर नाहीच नाही. कठड्याच्या आणि तिच्या मध्ये शिरली आणि तिच्याबरोबर चालायला लागली. सदतीस पावलं जायचं, सदतीस यायचं. तसंच चालत चालत तिला जिन्यापर्यंत आणलं, आणि तिथून दोघी दवाखान्यापर्यंत चालतच गेल्या, रिक्षा न करता. मी पोहोचलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी ठकूला एकटीला आत घेतलं होतं. बाहेर बायको उभी होती. मी वही पुढे केली. ती म्हणाली, “आता ती मिट.” इतकंच.

बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “चूक माझीही आहे. मी तुमची वही वाचली, मुलीला एकटीला विचारलं नाही.” गोळीचा डोस त्याच दिवशी उतरवला. पायांतल्या तगमगीसाठी एक वेगळी गोळी दिली. वही त्यांनी ठेवून घेतली आहे. ठकूला आम्ही एकटीला सोडत नाही. किल्ली माझ्या गळ्यात आहे.

मावशी, मला एक गोष्ट खात राहिली आहे. ब्रेक पुरता सुटला नाही, पट्टी चाकाला घासत राहिली, तर लिफ्ट थरथरते. चालू असताना हिसके देते. तेव्हा ब्रेक आणखी आवळणारा माणूस आमच्या धंद्यात दुसऱ्या दिवशी कामावर राहत नाही. आधी विचारायचं असतं, ब्रेक कमी पडतोय की घासतोय? हे मला वीस वर्षं माहीत आहे. पण ते तू लिहिलं नव्हतंस, म्हणून मी विचारलं नाही.

तुला दोष देत नाही. देतोही.

तुझा,
दादू


३० एप्रिल

प्रिय दादू,

दोष दे. तो माझ्या वाट्याचा आहे, आणि मी तो नीट तपासून घेतला आहे.

पायांतल्या या तगमगीला औषधशास्त्रात स्वतंत्र नाव आहे, आणि ते मी एकतीस वर्षे फळ्यावर लिहीत आले. गोळी सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर काही दिवसांत ती येते, कोवळ्या वयात तर अधिक सांभाळावे लागते, आणि आजारच बळावला असे समजून गोळी वाढवली जाते, हा तिच्यातला सर्वांत जुना सापळा. मार्चमध्ये तुला चार परिणाम लिहिले तेव्हा पाचवी ओळ मी लिहून खोडली होती. वाटले, दादू घाबरेल आणि गोळी बंद करील. पुढे तू स्वतःच तो शब्द शोधून माझ्यापुढे ठेवलास, तेव्हा मी तुला कोड्याचे उत्तर दिले, तुझ्या मुलीचे दिले नाही. ते उत्तर इतके सुबक होते, की त्याच्या पलीकडे पाहावेसे मला वाटलेच नाही.

हजेरीपटात बसलेला प्रत्येक जण निर्दोष असतो असे मी ठरवून टाकले. ‘हे आजारासारखे दिसते का’ हा पहिला प्रश्न नव्हेच. ‘हे केव्हा सुरू झाले, आणि गोळी वाढली तेव्हा वाढले की घटले’ हा पहिला प्रश्न. तू एकोणीस मार्चला स्वच्छ लिहिले होतेस, की पूर्वी ती तासन्‌तास बसून राहत असे. आजारात बसणारी मुलगी गोळीनंतर चालू लागली. उत्तर तुझ्या पत्रात होते; मी ते वाचून तुझ्या प्रश्नाचे कौतुक केले.

आता गोळ्याच नकोत, असे मात्र तुमच्यापैकी कोणी म्हणू नका. ठकूला त्यांची गरज आहे. मी तिथे असताना चौथ्या दिवशी तिने मला पाटीवर लिहून दाखवले: ‘बायका परत घराजवळ आल्यात.’ डोस उतरवला की हे होऊ शकते. म्हणूनच सोमवारी दुसरे औषध सुरू होत आहे, थोड्या मात्रेने, आणि पहिले पायरीपायरीने काढत. तेही कदाचित तिला मानवेल, कदाचित पायांत तोच ‘ऊठ’ घेऊन येईल. मला माहीत नाही. हे वाक्य मी तुला पहिल्याच पत्रात लिहायला हवे होते.

पण त्या ‘ऊठ’ची चाहूल घेण्याची एक रीत मी ठकूबरोबर करून पाहिली, ती सांगते. आधी मी बसले. तिने समोर बसून लिहिले, ‘आजी शांत बसली.’ माझा आकडा, म्हणजे मला किती वेळा उठावेसे वाटले तो, अकरा होता. मग ती बसली. मीही प्रामाणिकपणे लिहिले, ‘शांत.’ ती म्हणाली, “चाळीसनंतर मोजणं सोडलं.” दोन्ही कागदांवर एकच शब्द होता, दादू.

सोमवारपासून हे रोज दुपारी करा. तिचा आकडा वाढू लागला तर मला पत्र नको, अर्धी गोळी नको. डॉक्टरीणबाईंना त्याच क्षणी फोन. पण सोमवारच्या आधी एकदा तू बस, आणि लिहिण्याचे काम तिला दे.

साधी खुर्ची घे. दोन्ही पावले जमिनीवर सपाट, हात मांडीवर मोकळे. कड धरायची नाही. चार मिनिटे बस. समोरच्याने डोळ्यांना जे दिसते तेवढेच कोऱ्या कागदावर लिहावे. बसणाऱ्याने उठावेसे, हलावेसे वाटले, की दर वेळी मनातल्या मनात एक आकडा मोजावा. वेळ संपली की आधी कागद मोठ्याने वाचावा, आणि मगच आकडा विचारावा.

तुझी,
मावशी